हॅमॉकमध्ये पाठ गारठते? पांघरूण वाढवू नका, आधी खाली बघा

दर डिसेंबरात हा प्रश्न येतोच, आणि शब्दही जवळपास तेच असतात. स्लीपिंग बॅगवर ५ अंश लिहिलंय, रात्री पारा १०-११ च्या खाली गेला नव्हता, अंगात थर्मल, वर फ्लीस, डोक्याला कानटोपी, तरी हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांत बांधलेल्या कापडी झोळीत, पाठ आणि कंबर रात्रभर गार. बॅग बोगस निघाली का? आणखी जाड घ्यावी का?

नका घेऊ. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नका.

हॅमॉकमधली माझी पहिली थंडीची रात्र रतनवाडीत गेली. रतनगडावरून उतरायला उशीर झाला होता. जिथे जेवण सांगितलं होतं त्यांच्याच परसात दोन आंबे बेताच्या अंतरावर होते, मावशींना विचारून तिथेच हॅमॉक बांधला. नऊला आडवी झाले तेव्हा मजेत होते. दीडला जाग आली ती पाठीखाली कुणी ओली फरशी सरकवल्यासारखी. जॅकेट वरून पांघरलं, फरक नाही. पावसाळी पोंचो वरून घेतला, तर छातीला घाम आला आणि पाठ होती तशीच. तीनला हार मानली, ओटीवर चटई टाकून त्याच बॅगेत शिरले आणि सकाळी कोंबड्यालाही दाद दिली नाही. बॅग तीच, कपडे तेच, रात्रही तीच. चहा देताना मावशींनी परसाकडे बघत विचारलं, "खाली काय घातलं व्हतं?" काही नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "लेकरू झोळीत घालायचं तर आधी गोधडी टाकावी लागती ना, ताई."

पुढे जे लिहितेय तो या एका वाक्याचाच विस्तार आहे.

बॅग कुठे कमी पडते

ऊब पिसांत किंवा पॉलिएस्टरच्या तंतूंत नसते. त्या तंतूंमध्ये अडकून राहिलेली, न हलणारी हवा ऊब धरते. आपण बॅगेत झोपलो की आपल्या वजनाखाली तिची खालची बाजू चपटी होते, हवा निघून जाते आणि पाठीखाली नायलॉनचे दोन पदर आणि त्यात चुरगळलेलं भरण एवढंच उरतं. जमिनीवरही हेच होतं, पण तिथे मॅट असते, आणि जमीन जागची हलत नाही. हॅमॉकच्या खाली मोकळी हवा असते. पाठीने जेमतेम तापवलेली हवा झुळुकीबरोबर निघून जाते आणि तिच्या जागी नवी गार हवा येते. बशीतल्या चहाला आपण फुंकर मारतो तेच. म्हणून वरून कितीही पांघरलं तरी भोक खालीच राहतं.

बॅगेवरच्या आकड्याबद्दलही थोडं. हे आकडे युरोपात २००२ पासून ईएन १३५३७ आणि नंतर आयएसओ २३५३७ या मानकानुसार ठरतात. तापवलेला पुतळा बॅगेत घालून माप घेतात, आणि तो पुतळा मॅटवर झोपवलेला असतो. म्हणजे तुमच्या बॅगेवरच्या ५ अंशांत मॅट गृहीत धरलेली आहे. शिवाय पिशवीवर ठळक छापलेला आकडा बरेचदा 'लिमिट'चा, म्हणजे जेमतेम झोप लागेल अशा थंडीचा असतो, आणि तो पुरुषांसाठीचा. बायकांनी 'कम्फर्ट'चा, म्हणजे आरामात झोप लागण्याचा आकडा वाचावा, तो तीन-पाच अंशांनी वरचा असतो. मीही आधी चुकीचाच वाचत होते.

कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक हॅमॉकमध्ये झोपत, हा शब्दही त्यांच्याच भाषेतून स्पॅनिशमध्ये गेला. उष्ण, दमट बेटांवर खालून लागणारा वारा सुखाचाच. मे महिन्यात ज्या गुणासाठी आपण त्याच्यात लोळतो, तोच जानेवारीत अंगाशी येतो.

गार नेमकं कुठे लागतं?

खरेदीच्या आधी हे शोधा. पुढच्या वेळी थंडी वाजून जाग आली की लगेच कूस बदलू नका, मिनिटभर पडून राहा आणि अंदाज घ्या.

पाठ आणि ढुंगण झोपल्यापासून अर्ध्या तासात गार पडत असेल तर खाली काहीच नाही, किंवा आहे ते सरकलंय. हॅमॉकमध्ये मॅट सरकतेच. गुळगुळीत नायलॉनवर गुळगुळीत फोम, त्यावर गुळगुळीत बॅग. दोन वाजता ती पोटऱ्यांखाली सापडते.

पाठ ठीक पण खांदे आणि कोपरं गार असतील तर मॅट अरुंद आहे. जमिनीवर आपण मॅटवर सपाट असतो. हॅमॉकचं कापड मात्र दोन्ही बाजूंनी वर येऊन खांद्यांना वेढतं आणि तिथेही बॅग दाबून टाकतं. बाजारातली नेहमीची मॅट ५०-५१ सेंटिमीटर रुंद असते, हॅमॉकला ती पुरत नाही. ६०-६५ ची बघा. नसेल तर जुन्या फोमचे हातभर लांबीचे दोन तुकडे कापून खांद्यांच्या उंचीला दोन्हीकडे पंखांसारखे कापडी पट्टीने जोडा. दिसतं विचित्र, पण काम चोख होतं.

अंडरक्विल्ट, म्हणजे हॅमॉकखाली टांगायची रजई, लावूनही पाठ गार असेल तर मध्ये पोकळी आहे, त्यावर पुढे लिहिलंय.

एकच बाजू गार पडत असेल तर बहुतेक वेळा वारा त्या बाजूचा असतो. कधी कधी तुम्ही नीट, म्हणजे पाठ सपाट राहावी म्हणून तिरके, झोपलेले असता आणि खालचं अस्तर मात्र सरळ लटकत असतं.

आणि रात्र बरी जाऊन फक्त पहाटे तीन-चारला थंडी वाजत असेल, तर सामान थोडंसंच कमी आहे. पारा सूर्योदयाच्या सुमारास सगळ्यात खाली असतो आणि शरीराचं स्वतःचं तापमानही पहाटेच्या सुमारास तळाला जातं. इथे नवी खरेदी लागत नाही. झोपताना गूळ-शेंगदाणे किंवा तुपातला लाडू खा, लघवीला जाऊन या, दिवसभराचे घामट मोजे बदला, आणि स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घालून मांड्यांमध्ये धरा. झाकण दोनदा तपासा. का ते विचारू नका.

फोम, हवेची मॅट की अंडरक्विल्ट

मॅट किती ऊब धरते ते आर-व्हॅल्यू सांगते. आकडा मोठा तितकी ऊब जास्त. दोन मॅट एकावर एक ठेवल्या तर दोघींच्या आकड्यांची सरळ बेरीज होते, हे फार उपयोगाचं आहे. अंदाज यावा म्हणून: साधी १० मिलिमीटरची बंद कोशिकांची फोम मॅट १ च्या थोडी वर असते. घडीची झेड लाइट सोल ही फोम मॅट २.०, वजन ४१० ग्रॅम. निओएअर एक्सलाइट एनएक्सटी ही हवेची मॅट ४.५. योगा मॅट पातळ असते, तिच्याकडून १ चीही अपेक्षा ठेवू नका. आणि पूलमध्ये तरंगायची हवेची गादी तर आणलीच नाही असं समजा. आतल्या मोकळ्या हवेत वरची गरम हवा आणि खालची गार हवा फिरत राहते, त्यामुळे जाडी असूनही ऊब नाही.

सह्याद्रीत १० अंशांच्या आसपास माझं २ मध्ये भागतं, पण खांद्यांचे पंख जोडून. ५ च्या जवळ जाणार असाल तर ३ धरा.

सुरुवातीला मी फोमच सुचवीन. तो फुटत नाही, भिजत नाही, दुपारी बसायला होतो, आणि ऐनवेळी हॅमॉक सोडून ओटीवर झोपायची पाळी आली तर तिथेही कामाला येतो. मॅट सरकू नये म्हणून दोन पदरी हॅमॉक घ्या आणि ती दोन पदरांच्या मध्ये घाला. एकपदरी असेल तर मॅट सरळ स्लीपिंग बॅगेच्या आत, पाठीखाली. फोमचा दोष एकच, तो श्वास घेत नाही. पाठीचा घाम तिथेच राहतो आणि पहाटे ती ओल गार लागते. मध्ये पातळ लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा थर असला की बरं पडतं. सुती बनियन नको, तो घाम शोषून बसतो आणि लवकर वाळत नाही. हवेची मॅट वापरत असाल तर गच्च फुगवू नका. अर्धीमुर्धी भरली की ती कापडाच्या आकारात बसते, नाहीतर तुम्ही केळीच्या पानावरच्या थेंबासारखे घरंगळता.

अंडरक्विल्ट म्हणजे हॅमॉकच्या बाहेरून, खाली टांगलेली रजई. ती तुमच्या वजनाखाली येतच नाही, त्यामुळे दाबली जात नाही. झोपायला याच्याइतकं सुख नाही, पाठीला फोमचा कडकपणाही जाणवत नाही. पण नीट लावायला यावी लागते. दोन्ही टोकांच्या इलॅस्टिक दोऱ्या फार सैल सोडल्या तर पाठ आणि रजई यांच्यात पोकळी राहते आणि त्यातून वारा वाहतो. फार ताणल्या तर रजई पाठीला चिकटून चपटी होते, म्हणजे पुन्हा बॅगेचीच कथा. तपासायची सोपी रीत: आत झोपा, एक हात बाहेर काढा आणि रजई खालून पाठीकडे हलकेच दाबा. चार-पाच सेकंदांत उबदार वाटलं तर पोकळी होती, दोरी थोडी आवळा. काहीच फरक पडला नाही तर बरोबर बसलीय. मग दोन्ही टोकांच्या नाड्या ओढून तोंडं बंद करा. हे विसरतात, आणि रजईचा बोगदा होतो.

पिसांची की सिंथेटिक? पिसांची हलकी असते, घडी छोटी होते. ८०० फिल पॉवर म्हणजे एक औंस पिसं फुगून ८०० घन इंच जागा भरतात. पण ओल लागली की पिसांचा फुगीरपणा जातो. धरणाकाठी किंवा कोकणात पहाटे टार्पवरून, म्हणजे हॅमॉकवर ताणलेल्या छतावरून, दंव टपटपतं, तिथे मी सिंथेटिकच नेते. अमेरिकेत किंवा युरोपात, शून्याखालच्या कोरड्या थंडीत हॅमॉक टांगणाऱ्या मंडळींचं गणित वेगळं, तिथे पिसांचे पैसे वसूल होतात.

घरची रजई, घरची शिलाई

तयार अंडरक्विल्ट महाग पडते आणि आपल्या दुकानांत सहज दिसतही नाही. मी दोन हिवाळे घरी शिवलेलीवर काढले. सिंगल बेडची पॉलिएस्टरची एसी रजई घ्यायची, साधारण १५० बाय २२० सेंटिमीटरची. २२० ची बाजू मध्यावर दुमडायची, म्हणजे १५० लांब, ११० रुंद आणि दुहेरी जाड तुकडा मिळतो. १५० च्या दोन्ही कडांना परकराच्या नेफ्यासारखा नेफा शिवायचा, त्यातून ४ मिलिमीटरची इलॅस्टिक दोरी ओवायची आणि तिची टोकं हॅमॉकच्या दोन्ही टोकांच्या चुण्यांशी बांधायची. ११० च्या कडांनाही नेफा घालून नाडी ओवायची, तोंडं आवळायला. ही मानेपासून गुडघ्यांपर्यंत पुरते. पोटऱ्यांखाली बसायचा फोमचा तुकडा, पावलांना लोकरीचे मोजे.

एक कमतरता राहते: रजईचं कापड वारा अडवत नाही. म्हणून खाली पोंचो झोळीसारखा सैल टांगा. सैल, घट्ट नाही. प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला तर आतल्या बाजूला पाणी धरतं आणि रजई ओली होते.

गोधडी चालेल का, हा पुढचा प्रश्न. हॅमॉकच्या आत खाली अंथरली तर चालते, कारण तिचे घट्ट टाके घातलेले पदर बॅगेइतके दाबले जात नाहीत. पण ती सुती, दंव पीत राहते, आणि पाठीवर वाहायला जड. घोंगडी त्याहून सरस. दख्खनी मेंढीची भरड लोकर ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही, आणि चिंचोक्याची खळ दिलेली दाट घोंगडी वाराही बऱ्यापैकी अडवते. टोचते मात्र, आणि वजनाचं नाव काढू नका. गाडी परसापर्यंत जात असेल तर घोंगडी, चढायचं असेल तर फोम.

ॲल्युमिनियमचा चकचकीत इमर्जन्सी ब्लँकेट खूपजण सुचवतात. तो अंगाची उष्णता परावर्तित करतो हे खरं, पण त्यासाठी मध्ये हवेची फट लागते. पाठीला चिकटलेला असेल तर तो फक्त कुरकुरतो आणि घाम धरतो. गाडीच्या काचेला लावायचं बुडबुड्यांचं चंदेरी सनशेड त्यापेक्षा बरं, कारण त्यात निदान हवा कोंडलेली असते.

झाडं चुकली तर

एवढं सामान घेऊनही थंडी वाजली असेल तर जागा बघा. रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते आणि खोलगट भागात साचते. महाबळेश्वरात बाजारापेक्षा वेण्णा तलावाकाठी जास्त गारठा असतो आणि हिमकणांचे फोटो तिथलेच येतात, ते याचमुळे. म्हणून भंडारदऱ्याला पाण्याच्या अगदी काठावर टांगण्यापेक्षा थोडं वर, झाडीत टांगा. खिंड आणि कड्याची धार टाळा, तिथे वारा थांबत नाही. टार्पची एक लांब बाजू वाऱ्याकडे करा आणि तीच बाजू जमिनीजवळ आणा. उन्हाळ्यासारखा छत्रीसारखा उंच ताणलेला टार्प थंडीत नुसती शोभा.

हॅमॉक ताणून बांधायचीही खोड असते. झाडाला बांधायचे पट्टे जमिनीशी साधारण ३० अंशांत ठेवा. सैल झोळीत तिरकं झोपता येतं, पाठ जवळपास सपाट राहते आणि कापड खांद्यांना आवळत नाही, म्हणजे तिथली ऊबही दाबली जात नाही. शिवाय गणितही बघा. ६० किलोच्या माणसाचा प्रत्येक पट्ट्यावर ३० अंशांत ६० किलोचाच ताण येतो, १० अंशांत तो १७० च्या पुढे जातो. झाड जिवंत, मांडीपेक्षा जाड हवं. शेवगा, पांगारा नको, ते कधी मोडतील सांगता येत नाही. नारळाखाली तर मुळीच नको, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही, पण पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना लागतं.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे. तिथे जंगलात मुक्काम करायचा तर वनखात्याची परवानगी लागते. वस्तीतलं परस बरं, जेवणाचीही सोय होते.

आणि कृपा करून हॅमॉकखाली शेकोटी करू नका. 'खालून ऊब' हा सल्ला काहीजण शब्दशः घेतात. ठिणगी पडली की नायलॉनला भोक पडतं, आणि ते तुमच्या वजनाने फाटत जातं. धुराने जवळचं आग्या मोहोळ उठलं तर थंडी हा विषयच उरत नाही. सगळं करूनही दात वाजायचे थांबत नसतील, बोलणं अडखळायला लागलं असेल, तर सरळ घरात जा, कोरडे कपडे घाला, गरम काही प्या. हॅमॉकमध्ये रात्र काढलीच पाहिजे असं कुणाला वचन दिलेलं नसतं.

गडावर जायच्या आधी एक रात्र घराजवळ झोपून बघा: गावी, फार्मवर, ओळखीच्यांच्या अंगणात. गच्चीच्या कठड्याला किंवा खिडकीच्या ग्रिलला बांधू नका, वरचा १७० किलोंचा हिशोब आठवा. अंडरक्विल्ट बरोबर बसली की दोऱ्या सोडण्याआधी त्या जागी लाल दोऱ्याचे दोन टाके घालून ठेवा. अंधारात, गारठलेल्या बोटांनी, पुन्हा सगळं जुळवत बसावं लागत नाही.